गायरानाचं भाषांतर

संगणकावर काही नवं बसवायचं म्हटलं की पडद्यावर एक लांबलचक मजकूर येतो आणि त्याच्याखाली एक छोटा चौकोन असतो, 'मी सहमत आहे'. तुम्ही-आम्ही तो मजकूर न वाचता चौकोनावर टिचकी मारतो. आमचे टायपिंगवाले सर मारत नसत. खुर्ची पुढे ओढून, कपाळावरचा चष्मा नाकावर आणून ते पहिल्या ओळीपासून वाचायला लागत. तेही मोठ्यानं, आधी इंग्रजी वाक्य आणि मग त्याचा नांदेडी मराठीत खुलासा. आम्ही पंधरा-वीस पोरंपोरी की-बोर्डवर हात ठेवून ताटकळत बसायचो. एकदा नवा प्रिंटर जोडायला त्यांनी असाच पाऊण तास घालवला आणि शेवटी म्हणाले, "हे म्हणून राहिलंय, प्रिंटर तुमचा, पण त्यात शाई कोणती घालायची ते आम्ही ठरविणार. मी सहमत न्हाई." प्रिंटर पुन्हा खोक्यात गेला आणि खोकं दुकानदाराकडे. त्या दिवसापासून गल्लीत त्यांचं नाव पडलं, असहमत सर.

नाव त्यांच्या कानावर गेलंच. सर चिडले नाहीत. "बरं हाय की," म्हणाले. "सहमत सर तर गावभर हाईत."

नांदेडला कॉलेजांच्या रस्त्यावर, एका औषधाच्या दुकानाच्या वर त्यांचा क्लास होता. मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत टायपिंगचं प्रमाणपत्र मागतात म्हणून माझ्या वडिलांनी, आबांनी, मला तिथं घातलं. मी तेव्हा बीसीएसला होतो आणि टायपिंग शिकणं मला कमीपणाचं वाटत होतं. सरांनी पहिल्याच दिवशी गाव विचारलं. मी नायगाव तालुक्यातल्या माझ्या गावाचं नाव सांगितलं, तर ते आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "आई, तुज्या माहेरचं लेकरू आलंय." आतून एक ठेंगणी, काठीसारखी ताठ म्हातारी आली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. गिरजाबाई त्यांचं नाव. पुढची तीन वर्षं त्या बाईनं मला क्लासच्या वेळेत चहा पाजला, आणि माहेरचं कोण मेलं, कोण जगलं ते विचारलं.

सरांचा खरा तास मात्र टायपिंगचा नव्हताच. साडेनऊला पेपर यायचा आणि तंत्रज्ञानाच्या बातम्यांचं पान उघडून सर त्या बातम्यांशी भांडायचे. हातात लाल पेन. "अमुक कंपनीकडून विद्यार्थ्यांना मोफत सेवा" अशी ओळ दिसली की 'मोफत'वर फुली. "फुकट अन् मोकळं ह्यातला फरक ज्याला कळत न्हाई त्यानं बातमी कामून लिहावी?" असं विचारून ते आमच्याकडे बघत, जणू बातमी आम्हीच लिहिली. फरक त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा घोकून घेतला होता की आजही तो मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. "फुकट म्हंजे देणाऱ्याची मर्जी. आज दिलं, उद्या बंद. मोकळं म्हंजे उघडून बघता येतं, दुरुस्त करता येतं, शेजाऱ्याला देता येतं. ते बंद करायचं कुणाच्या बापाला जमत न्हाई." मोकळी सॉफ्टवेअरं तेव्हाही कमी दिसणारी, जरा अडेल, सरांसारखीच. परीक्षेच्या सरावाचं एक बंद सॉफ्टवेअर सोडलं, तर क्लासमधल्या सगळ्या संगणकांवर तीच होती.

त्यांच्या रागाला दोन्ही बाजूंनी धार होती. गल्लीतल्या लग्नपत्रिकावाल्यानं एकदा महागडं डिझाइनचं सॉफ्टवेअर चोरून बसवलं आणि कौतुकानं सरांना दाखवलं. त्याला वाटलं, कंपन्यांना शिव्या घालणारा माणूस पाठ थोपटील. सर म्हणाले, "चोरी बी केलीस ती गुलामीची. उद्या त्यांनी कुलूप बदललं की तू पुन्हा चोरी करणार. जलमभर दुसऱ्याच्या कुलपाला किल्ल्या करत बस." पत्रिकावाला महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. एकदा त्यांनी एक पुस्तक मोबाइलवर विकत घेतलं. खातं बंद पडलं तसं पुस्तकही गायब झालं. त्या दिवशी ते एवढे संतापले की आम्ही सगळ्यांनी गुमान चाळीसच्या वेगानं टायपिंग केलं. "विकत घेतलं की भाड्यानं घेतलं? विकत म्हणून लिवलं हाय इथं! मी मेलो तर हे पुस्तक माझ्या पोरीला जाणार हाय का न्हाई?"

आता सरांच्या शब्दयादीबद्दल लिहायला हवं. ती कशी सुरू झाली ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

एक मुलगी सरावासाठी आजीला पत्र टाइप करत होती. ती औशाची होती. तिनं 'दस्ती' लिहिलं, संगणकानं खाली तांबडी रेघ ओढली. 'उगंच' लिहिलं, रेघ. 'कामून' लिहिलं, रेघ. पोरगी शरमली आणि दस्ती खोडून 'रुमाल' लिहायला लागली. सरांनी तिचा हात धरला. "खोडू नको. त्याला येत न्हाई म्हणून तू खोडतीस? तुझी आजी चुकीचं बोलती का?" सरावाच्या त्या बंद सॉफ्टवेअरच्या कंपनीला त्यांनी दोनदा पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. मग त्यांच्या ध्यानात आलं की मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये आपली शब्दांची यादी आपल्याला जोडता येते, परवानगी लागत नाही. "दार उघडंच होतं. मीच येडा बाहीर उभा होतो."

तेव्हापासून क्लासच्या फळ्यावर रोज एक चौकोन आखलेला असे. ज्याला घरचा शब्द आठवेल त्यानं तो तिथं लिहायचा, अर्थ लिहायचा, आणि कुणाच्या तोंडून ऐकला तेही. देगलूरकडची पोरं कानडी-तेलुगू मिसळलेले शब्द आणत, जुन्या नांदेडातली उर्दू वळणाचे. सर संध्याकाळी ते यादीत चढवत. सात वर्षं त्यांनी हे काम केलं, मी असताना तीन आणि नंतर चार. सगळ्यात जास्त शब्द अर्थातच गिरजाबाईंचे. त्यातला एक शब्द तर साऱ्या जगात त्यांच्या एकट्यांचा होता. मोबाइलला त्या 'बोलकं' म्हणायच्या. "माजं बोलकं कुटं ठिवलाव?" दुसरं कुणी असं म्हणत नाही, हा शब्द यादीत कशाला, असं मी विचारलं. सर म्हणाले, "शब्द कुणी तरी एकानंच पहिल्यांदा काढलेला असतो. आई एक हाय, म्हणून ती मोजायची न्हाई का?" 'बोलकं : मोबाइल' यादीत गेलं. वर्षभरानं गिरजाबाई गेल्या. त्यांचं बोलकं सरांनी कधी बंद केलं नाही, चार्ज करून ठेवत.

मी शेवटच्या वर्षाला असताना यादी इंटरनेटवर ठेवायचं ठरलं, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येईल. त्यासोबत वापराच्या अटी लिहाव्या लागतात. यादीचं नाव सरांनी 'गायरान' ठेवलं होतं आणि अटी म्हणून तीन ओळी लिहून दिल्या:

हे गायरान आहे.
कुणीही यावं, चारावं, न्यावं.
कुंपण घालील त्याचं वाटोळं होईल.

"ह्याचं इंग्रजी कर," म्हणाले. "कॉम्प्युटरवाला हाईस तू."

मी केलं. आज ते आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो, पण त्या दिवशी मी खुशीत होतो. पहिल्या ओळीचं मी केलं 'पब्लिक डोमेन', म्हणजे ज्यावर कुणाचाच हक्क नाही असं. मोठा शब्द, जगभर चालणारा. दुसरी ओळ सोपी होती. तिसरी ओळ मी गाळली. म्हटलं, साहेबलोक वाचतील, शिव्याशाप काय लिहायचे? खेडवळ दिसेल. तिच्या जागी मी कुठून तरी एक ऐटदार वाक्य उतरवलं की, लेखक आपले सर्व हक्क स्वखुशीनं आणि कायमचे सोडत आहे. मोकळ्या सॉफ्टवेअरच्या जगात 'घ्या, पण पुढं मोकळंच ठेवा' अशी अट घालणारे तयार परवाने आहेत. सरांची तिसरी ओळ शब्दाशब्दानं तीच अट होती. मला ते परवाने माहीत होते. परीक्षेत त्यावर मी टीप लिहिली होती. सरांच्या शापात ती अट आहे हे मात्र मला दिसलं नाही.

मजकूर मी सरांपुढे धरला आणि म्हणालो, वाचून घ्या. प्रिंटरच्या अटींसाठी पाऊण तास देणारा माणूस हसला. "तू लिवलंस ना? मग मी काय वाचू?" आणि त्यांनी चौकोनावर टिचकी मारली. मी पाहिलेल्या सगळ्या वर्षांत सर न वाचता एकाच गोष्टीला सहमत झाले.

मला पुण्यात नोकरी लागली. चार वर्षं बरी गेली. यादी वाढत होती, नांदेडातली निम्मी झेरॉक्स आणि टायपिंगची दुकानं ती वापरत होती. मग एक दिवस त्या औशाच्या मुलीचा फोन आला. ती आता तिकडेच एका कार्यालयात लिपिक आहे. म्हणाली, "सरांचं गायरान आम्हाला ऑफिसात आलंय, पण दुसऱ्याच नावानं. कुठल्या तरी कंपनीचं. लोकांचे जबाब त्यांच्याच भाषेत लिहायला म्हणं. वर्षाला परवाना घ्यायचा. अन् खाली लिहिलंय, सर्व हक्क राखीव." मी विचारलं, आपलीच यादी कशावरून? ती म्हणाली, "त्यात बोलकं हाय."

गिरजाबाईंच्या तोंडच्या शब्दावर कुणी तरी सर्व हक्क राखून ठेवले होते. त्या कंपनीचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. घ्यायला त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. कुलूप कशाला लावलं? नाव कशाला पुसलं? फळ्यावर लिहिणाऱ्या दीडदोनशे पोरांपैकी एकाला तरी विचारायचं होतं.

सरांनी कंपनीला मराठीत चार पानी पत्र पाठवलं. उत्तर तीन ओळींचं, इंग्रजीत: आपण या कामावरील सर्व हक्क स्वखुशीनं व कायमचे सोडलेले आहेत, त्यामुळे आपली तक्रार कोणत्या हक्कानं आहे हे कळत नाही. सरांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाले, "खोटारडे. मी असं कुठं म्हणलो?" मी ते वाक्य ओळखलं. ते माझं होतं. मी म्हणालो, "हो सर, खोटारडे." आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी त्याहून वाईट झालं. आपल्या मालाची नक्कल कुठं आहे ते शोधत फिरणारं यंत्र अशा कंपन्यांकडं असतं. त्या यंत्राला सरांची यादी सापडली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण इथं बोंब मारायलाही माणूस नव्हता. यंत्रानंच तक्रार केली आणि यादी जिथं ठेवली होती त्या संकेतस्थळाच्या यंत्रानं ती मान्य करून पान काढून टाकलं. गायरानाच्या जागी आता एक पाटी होती: हा मजकूर दुसऱ्याच्या मालकीचा असल्यानं काढण्यात आला आहे. हरकत असल्यास अर्ज भरा. अर्जात पहिलाच प्रश्न, तुम्ही या मजकुराचे मालक आहात का? हो किंवा नाही. दुसरा कुणीही 'हो'वर टिचकी मारून मोकळा झाला असता. सर दोन दिवस त्या प्रश्नापुढं बसून होते. "मालक कसा म्हणू?" म्हणाले. "गायरानाला मालक असतो का?"

कंपनीनं लातूरला लिपिकांसाठी एक दिवसाचं शिबिर ठेवलं होतं. औशाच्या मुलीनं ते कळवलं. सरांचा मला फोन आला, "चल लातूरला." मी रजा काढली. नांदेडहून दोघं एसटीनं निघालो. सरांनी पांढरा शर्ट घातला होता आणि पिशवीत फळ्यावरच्या शब्दांच्या वह्या भरून घेतल्या होत्या.

सभागृहात माझ्याच वयाचा एक चुणचुणीत माणूस माइक घेऊन शिकवत होता. लोकांना हसवायला त्यानं पडद्यावर 'बोलकं' आणलं. "बघा किती गोड शब्द आहे. आमच्या टीमनं गावोगाव फिरून असे शब्द जमवलेत." सभागृह हसलं. सर उभे राहिले.

"त्या बाईचं नाव सांगा," म्हणाले.

"कोणत्या बाईचं, काका?"

"जिच्या तोंडून हा शब्द घेतलाव तिचं. गावोगाव फिरलाव न्हव? मग कोण्या गावात, कोण्या बाईनं दिला? मी सांगतो. गिरजाबाई. माजी आई. दुसऱ्या कुण्या माणसानं हा शब्द उच्चारला असंल तर आत्ता इथं उभं करा, मी पाया पडून जातो."

सभागृहातलं हसणं थांबलं. सरांनी वही काढून वर धरली. मी शेजारच्या खुर्चीत बसून होतो. उठून उभं राहायला हवं होतं, पुण्याच्या नोकरीत पडद्यासमोर उभं राहून बोलायला शिकलेला माणूस मीच होतो. मी मोबाइलमध्ये बघत राहिलो. तो शिकवणारा उद्धट नव्हता, हे कबूल करायला हवं. त्यानं शांतपणे संगणकावर एक जुनं पान उघडलं आणि पडद्यावर मोठं केलं. सरांच्या यादीच्या अटी. माझं इंग्रजी. "काका, हे तुमचंच ना? तुम्हीच सगळे हक्क सोडलेत. आम्ही नसतं नेलं तर दुसऱ्या कंपनीनं नेलं असतं."

सरांनी चष्मा नाकावर आणला आणि वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा ते एखादी अट मनात वाचत होते. मग वही पिशवीत ठेवली आणि जिना उतरले.

परतीच्या एसटीत अहमदपूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "तिसरी वळ कुटं गेली?"

"ती... शाप होता, सर. बरं दिसलं नसतं."

"अन् गायरान म्हंजे काय समजलास तू?"

"जी जमीन कुणाचीच नसते ती."

"कुणाचीच न्हाई?" आता ते माझ्याकडे वळले. "सगळ्यांची असती, बे. सगळ्यांची! कुणाचीच न्हाई म्हंजे जो पहिला कुंपण घालील त्याची. सगळ्यांची म्हंजे कुंपण घालायचा हक्क कुणालाच न्हाई. एवढा सादा फरक. मी समजत होतो, हे सांगावं लागत न्हाई. खेड्यातलं पोर हाय, गायरान त्याला ठाऊक असंल."

पुढे बोलताना त्यांचा आवाज उतरला होता आणि त्याचीच मला भीती वाटली.

"आईनं लहानपणी तुमच्या गावच्या गायरानात ढोरं चारली. मोठ्या चिंचेच्या पल्याडचं, वढ्यापातूर. मला तिनं हजारदा सांगितलं, तितं कुणाला कुणी हटकत नव्हतं. हा शब्द मला कुठून आला, तितूनच आला. ती माहेरला शेवटचं गेली तवा बघून आली. तार होती, बाभळीच्या काट्या होत्या, आत ज्वारी होती. कुणाची ते बी विचारून आली."

कुणाची ते मला माहीत होतं. आमची. मी पाचवीत होतो तेव्हा आबांनी चिंचेपलीकडचं चार एकर नांगरलं आणि तार ओढली. आमच्या घरी त्याला कुणी अतिक्रमण म्हणत नाही, 'गायरानातलं शेत' म्हणतात. माझं सगळं बालपण मी हा शब्द असाच ऐकला. गायरान म्हणजे आपलं ते, ज्याचा सातबारा नाही.

"ठाऊक होतं तुम्हाला?" मी विचारलं. "पहिल्यापासून?"

"आईला ठाऊक होतं. तरी तिनं तुला च्या पाजला. म्हणायची, लेकराचा काय दोष." मग म्हणाले, "तुजी चूक न्हाई. भाषांतर बरोबर केलास तू. तुज्या घरी त्या शब्दाचा अर्थ तोच हाय."

ते ओरडले असते तर मला सोसलं असतं. तो माणूस बातमीदारांवर ओरडला, कंपन्यांवर ओरडला, पत्रिकावाल्यावर ओरडला. माझ्यावर ओरडला नाही. नांदेडला उतरून ते रिक्षात बसले, मला 'ये' म्हणाले नाहीत.

यादी मी परत आणली, एवढं सांगायला हवं. यंत्राच्या तक्रारीला उत्तर देण्याची एक रीत असते. जुन्या नोंदी तारखांसकट जोडून मी ती पाळली, आणि महिन्याभरात पान पुन्हा उघडलं. यादीच्या प्रती नांदेडातल्या दुकानादुकानांत होत्याच, कारण सर प्रत्येक पोराला एक प्रत घरी न्यायला लावत. या वेळी वर त्यांच्या तीन ओळी मराठीत जशाच्या तशा ठेवल्या आणि खाली तिसऱ्या ओळीचा कायद्यातला खरा अर्थ. ती अट पुढं जमणाऱ्या शब्दांनाच लागते. आधी नेलं ते नेलं, कार्यालयांमध्ये अजून तेच कुलूपबंद चालतं. मी सरांना कळवलं. त्यांनी सगळं पान वाचलं असणार, कारण दोन दिवसांनी उत्तर आलं, एकाच शब्दाचं: सहमत. त्यात क्षमा होती की फक्त मजकुराला मान्यता होती, हे मला कधी विचारता आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात सर हृदयविकारानं गेले. मला औशाच्या मुलीनं कळवलं.

दहाव्याहून मी थेट गावी गेलो आणि आबांना म्हणालो, चिंचेपलीकडची तार काढू. आबांना मी नेमकं काय बोलतोय ते कळायला वेळ लागला. "समद्यांनीच घेतलंय," म्हणाले. "आपुन सोडलं तर दुसरा घेईल." हेच वाक्य मी लातूरच्या सभागृहात ऐकलं होतं. तिथं ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. घरी ऐकून मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो.

पुण्यात मी बोलतो, लिहितो. शब्द, गाणी, पुस्तकं, लोकांनी मिळून घडवलेलं सगळं कंपन्या कशा कुंपणात घालतात यावर मी पोटतिडकीनं लिहितो, आणि लोकांना ते आवडतं. आता यंत्रं मराठी बोलायला लागली आहेत. ती कुणाच्या तोंडून शिकली, असा प्रश्न मी जाहीरपणे विचारतो. सर असते तर पेपरावर लाल पेनानं त्यांनी हाच प्रश्न विचारला असता. त्यांना तो विचारायचा अधिकार होता.

दर जानेवारीत आबांचा फोन येतो, गायरानातली ज्वारी हुरड्याला आली. मी जातो. आगटीजवळ बसून, चुलतभावांच्या थट्टेत, गरम कणसं तळहातावर चोळून खातो. गोड लागतो तो हुरडा. खोटं कशाला बोलू?